एकशे तिसावी खेळी

३ डिसेंबर २०२१, शुक्रवार. दुबई एक्झिबिशन सेंटर. जागतिक बुद्धिबळ अजिंक्यपद लढत, सहावा डाव. पांढरी मोहरी नॉर्वेच्या मॅग्नस कार्लसनकडे; २०१३ मध्ये चेन्नईत विश्वनाथन आनंदला हरवल्यापासून हा जगज्जेता. काळी मोहरी आव्हानवीर इयान नेपोम्नियाची ऊर्फ नेपोकडे. दोघांचाही जन्म १९९० चा, दोघेही एकतीस वर्षांचे.

डावाचा निकाल एका खेळीने लागला. काळ्याने १३० वी खेळी चुकवली आणि सहा खेळ्यांनी डाव सोडला. पण त्या खेळीपर्यंत पोहोचायला जवळजवळ पावणेआठ तास गेले होते, आणि त्या पावणेआठ तासांतच ती चूक तयार होत आली होती. खालच्या वेळा भारतीय आहेत (दुबई आपल्या दीड तास मागे), मधल्या वेळा अदमासे.

दुपार : डाव सुरू होण्याआधी

महाराष्ट्रात त्या दिवशी सगळ्यांचे लक्ष वानखेडेवर होते. ओल्या मैदानामुळे उशिरा सुरू झालेल्या भारत-न्यूझीलंड कसोटीत पडलेले चारही भारतीय गडी मुंबईत जन्मलेल्या एजाझ पटेलने टिपले होते. दुसऱ्या दिवशी तो दहाच्या दहा घेणार होता. बुद्धिबळाकडे डोळे लावून बसलेली मंडळी मोजकी, आणि तीही जराशी कंटाळलेली. चौदा डावांच्या लढतीत पाच डाव झाले होते आणि पाचही बरोबरीत सुटले होते.

कंटाळा त्याहून जुना होता. २०१८ मध्ये लंडनला कार्लसन आणि फाबियानो कारुआना यांचे बाराच्या बारा डाव बरोबरीत गेले. त्याआधी २०१६ च्या लढतीतले शेवटचे दोन. म्हणजे अजिंक्यपदाच्या लढतीत सलग १९ संथ (क्लासिकल) डावांत कोणी जिंकले नव्हते आणि कोणी हरले नव्हते. या पातळीवर आता कोणी हरूच शकत नाही, असे जाणकारही बोलू लागले होते.

सायंकाळी ६.०० : पहिली खेळी. चूक १२९ खेळ्या दूर

कार्लसन वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे सरकवतो. डी४. नेपो घोडा काढतो. मग पांढरा जी-प्यादे एक घर सरकवून उंट कोपऱ्यातून लांब कर्णावर आणतो. कॅटलन घराण्याची ही ठेवण. राजाच्या प्याद्याने सुरू झालेले डाव पुष्कळदा लवकर भडकतात आणि लवकर विझतात. वजिराच्या प्याद्याचा डाव मुरायला वेळ घेतो. दुसऱ्या डावातही कार्लसनने हेच केले होते आणि तिथे त्याच्याच अंगाशी येता येता राहिले होते.

इथे घड्याळाचा नियम नीट समजून घ्यावा लागतो, कारण पुढचा सगळा अनर्थ त्यातूनच उगवतो. पहिल्या ४० खेळ्यांना प्रत्येकी दोन तास. पुढच्या २० खेळ्यांना एक तास. त्यानंतर उरलेल्या डावाला पंधरा मिनिटे आणि प्रत्येक खेळीमागे तीस सेकंद वाढीव. पण ही वाढीव सेकंदे ६१ व्या खेळीपासून मिळणार. त्याआधी नाहीत. चाळिसाव्या खेळीआधी ज्याची मिनिटे संपतील, त्याला कुठलाही टेकू नाही.

सात वाजून गेल्यावर : खेळी ९ ते १७

नवव्या खेळीला कार्लसन सी४ वर गेलेल्या आपल्या प्याद्याची वसुली न करता वजीर सी२ वर आणतो. प्यादे तसेच सोडलेले, हवे तर राख. नेपो ते राखत बसत नाही. हा शहाणपणाचाच निर्णय. घेतलेले प्यादे सांभाळता सांभाळता मोहरी मागे राहतात. अकराव्या खेळीला पांढरा घोड्याने प्यादे वसूल करतो. सतराव्या खेळीला पांढरा उंट काळ्याचा घोडा घेतो आणि काळ्याला जी-प्याद्याने परत घ्यावे लागते. काळ्या राजासमोरची प्याद्यांची रांग मोडते.

लगेच धोका असा काही नाही. काळ्याचा उंट जोरात आहे, वजीर मोकळा आहे. पण राजाच्या दारातली ही मोडलेली कडी दुरुस्त होण्यासारखी नाही. एफ-स्तंभात एकामागे एक उभी राहिलेली ती दोन प्यादी साठ-सत्तर खेळ्यांनंतर पांढऱ्या हत्तींच्या तावडीत सापडणार आहेत.

रात्रीच्या जेवणाची वेळ : खेळी २६. चूक १०४ खेळ्या दूर

काळा हत्ती सी८ वर येऊन पांढऱ्या वजिराला भिडतो. वजीर बाजूला घ्यावा, मोहरी एकेक मारामारीत जावीत आणि सहावी बरोबरी व्हावी, असा राजमार्ग समोर आहे. कार्लसन तो सोडतो. वजिराने सी८ चा हत्ती मारतो, वजीर देतो आणि बदल्यात दुसराही हत्ती घेतो.

आता पटावर काळ्याकडे वजीर आणि उंट. पांढऱ्याकडे दोन हत्ती आणि घोडा. हिशेबाने तराजू जवळपास समतोल. पण दोन्ही पारड्यांत वेगवेगळा माल आहे. सारखी मोहरी असली की मारामारीत ती झटपट संपतात आणि खेळाडू हात मिळवून मोकळे होतात. वजिराविरुद्ध दोन हत्ती असले की तसा सुटकेचा दरवाजा उरत नाही. प्रत्येक खेळीला नवा हिशेब मांडावा लागतो, आणि हिशेबाला वेळ लागतो.

समालोचनाच्या खुर्चीत युक्रेनच्या आना मुझिचुकसोबत आनंद बसला आहे. लांबलेल्या डावांचा आणि मोडलेल्या रात्रींचा त्याला स्वानुभव आहे.

रात्री ९.३० ते १०.०० : खेळी ३० ते ४०

दोघांचीही मिनिटे हातावर मोजण्याइतकी उरली आहेत आणि वाढीव सेकंद नाहीत.

संगणकाचे पारडे या दहा खेळ्यांत वर-खाली होत राहते. तेहेतिसाव्या खेळीला कार्लसनला हत्ती मागे घेऊन मोठे वर्चस्व मिळवता आले असते. तो दुसराच हत्ती डी१ वर नेतो. नेपोचा उंट ए३ चे प्यादे खातो. आता त्याच्या ए-प्याद्याची वाट मोकळी झाली. हे प्यादे पुढे सरकत राहिले तर शेवटच्या घरात पोहोचून वजीर होणार, आणि मग हरण्याची पाळी जगज्जेत्यावर येणार. पुढच्या पाच-सात खेळ्यांत दोघेही एकमेकांच्या चुका पाहतात आणि चुकवतातही. विचार करायला वेळच नाही; हात चालत राहतात.

चाळिसावी खेळी वेळेत होते. दोघांनाही एकेक तास मिळतो. इतक्या घाईत कुणीच बुडाले नाही, याबद्दल दोघांनीही सुटकेचा निःश्वास टाकायला हरकत नव्हती. पण कार्लसनला उठायचे नाही. पटावर अजून खेळण्याजोगे काही शिल्लक आहे, असे त्याला वाटते.

रात्री ११ च्या पुढे : खेळी ५२ आणि ५३. चूक ७७ खेळ्या दूर

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात दुसरी पाळी सुटायची ही वेळ. कंपन्यांच्या बस तळेगाव चौकातून भोसरी-निगडीकडे निघालेल्या. पाळीचे शेवटचे तासच अधिक धोक्याचे, हे या पट्ट्यात कुणालाही शिकवावे लागत नाही. हात सवयीने चालतो, डोळा उशिरा पोहोचतो. दुबईत पटावर बसलेल्या दोघांची मात्र पाळी सुटलेली नाही.

काळ्याचे ए-प्यादे आता ए३ वर आहे. डी६ वरचा उंट कर्णाने त्याला राखतो आणि पांढऱ्याचे दोन्ही हत्ती ए-स्तंभात त्याच्यावर रोखलेले आहेत. हत्तींना इथे डांबून ठेवणारे हे एकटे प्यादेच काळ्याचा खरा आधार आहे. ५२ व्या खेळीला नेपो वजीर ई४ वर आणतो. वरवर पाहता खेळी चांगली: वजीर मध्यावर आला आणि एच४ च्या प्याद्यावर नजर ठेवून बसला.

कार्लसन हत्तीने ए३ चे प्यादे उचलतो.

उंटाने हत्ती मारला तर दुसरा हत्ती उंट मारणार; मग पांढऱ्याकडे हत्ती आणि घोडा, काळ्याकडे एकटा वजीर. नेपो ते टाळतो, वजिराने एच४ चे प्यादे शहासह खातो आणि वजीर पुन्हा ई४ वर आणतो. प्याद्याला प्यादे. संगणकाच्या मते डाव अजूनही बरोबरीतच.

संगणकाला मात्र एक गोष्ट मोजता येत नाही. ए-प्यादे गेल्यावर पांढऱ्याला हरण्याची भीती उरली नाही. सगळी प्यादी आता पटाच्या एकाच बाजूला. पांढऱ्याचा राजा त्यांच्या आडोशाला. कार्लसन हवा तितका वेळ छळू शकतो आणि त्याचे काहीच जाणार नाही. नेपोला मात्र प्रत्येक खेळी अचूक हवी. ही स्थिती पुढच्या ७७ खेळ्या टिकणार आहे.

मध्यरात्री १२ : खेळी ६१. चूक ६९ खेळ्या दूर

दुसरा टप्पा संपला. आता पंधरा मिनिटे आणि प्रत्येक खेळीला तीस सेकंद.

जुन्या काळी हा डाव एव्हाना तहकूब झाला असता. खेळाडू आपली पुढची खेळी लखोट्यात बंद करून पंचांकडे देत, जेवत, झोपत, सहकाऱ्यांबरोबर पट मांडून बसत आणि दुसऱ्या दिवशी ताजे होऊन येत. १९७८ मध्ये बागियोला कार्पोव्ह आणि कोर्चनोय यांचा पाचवा डाव १२४ खेळ्या चालला आणि कोंडीने बरोबरीत सुटला; अजिंक्यपदाच्या लढतीतला तोवरचा तो सर्वांत लांब डाव. संगणक आल्यावर तहकुबी बंद पडली, कारण रात्रभरात मशीनच सगळे शोधून देऊ लागले. त्या नियमाबरोबर खेळाडूंची झोपही गेली.

साडेबारा पार होताना : खेळी ८०. चूक ५० खेळ्या दूर

६१ ते ७८ पर्यंत कार्लसनचे हत्ती इकडून तिकडे फिरतात आणि काळ्याचे कमकुवत कोपरे चाचपतात. ७९ व्या खेळीला हत्ती एफ५ चे प्यादे खातो. ८० व्या खेळीला तोच हत्ती एफ७ चे प्यादे खाऊन राजाला शह देतो आणि स्वतः मारला जातो. दुसऱ्या हत्तीचा शह, आणि ८२ व्या खेळीला त्याच हत्तीने ए७ चा उंट पडतो. सतराव्या खेळीला जी दोन प्यादी एकामागे एक झाली होती, ती दोन्ही आता गेली.

उरले काय? पांढऱ्याकडे हत्ती, घोडा आणि तीन प्यादी. काळ्याकडे वजीर आणि एच५ चे एक प्यादे. ही तिन्ही प्यादी आणि दोन मोहरी एकमेकांना धरून पुढे सरकली तर वजिराला त्यांच्यात शिरायला फट मिळत नाही. वजिराचे काम एकच: मागून, दुरून शह देत राहायचे आणि पांढऱ्या राजाला स्वस्थ बसू द्यायचे नाही.

एकच्या सुमारास : खेळी ८३ ते १०९

सत्तावीस खेळ्या. एकही मोहरे मारले जात नाही, एकही प्यादे हलत नाही. हत्ती डी६, हत्ती डी५, घोडा एफ३, घोडा डी४, पुन्हा घोडा एफ३. काळा वजीर बी१, एच१, पुन्हा बी१. पाहणाऱ्याला वाटावे की जगज्जेता वेळ काढतो आहे. तो समोरच्याची सहनशक्ती तपासतो आहे. प्रत्येक खेळीला नेपोला तीस सेकंदांत ठरवावे लागते की वजीर कुठे सुरक्षित आहे आणि कुठे घोड्याच्या कैचीत सापडेल. योग्य उत्तर बहुतेक वेळा असते. प्रत्येक वेळी ते नव्याने शोधावे लागते.

११० व्या खेळीला कार्लसन ई-प्यादे ई४ वर सरकवतो.

सव्वाच्या पुढे : खेळी ११३ ते ११५. चूक १५ खेळ्या दूर

नेपो एच-प्यादे देऊन पांढऱ्याचे जी-प्यादे काढतो. आता पटावर सातच मोहरी: पांढऱ्याचा राजा, हत्ती, घोडा आणि दोन प्यादी, काळ्याचा राजा आणि वजीर.

सात मोहऱ्यांचे डाव संगणकांनी आधीच पूर्णपणे सोडवलेले आहेत. तिथे मतमतांतर नाही: प्रत्येक स्थितीचे उत्तर ठरलेले. जगभरचे प्रेक्षक ते उत्तर पडद्यावर पाहू शकत होते. बरोबरी. दर खेळीनंतर बरोबरी. फक्त पटाशी बसलेल्या दोघांना ते दिसत नव्हते.

दीड वाजून गेल्यावर : खेळी १२९ आणि १३०

पांढरा ई-प्यादे ई५ वर ढकलतो. काळा वजीर ए२ वरून शह देतो. पांढरा राजा एच३ वर सरकतो.

इथे वजिराने लांबच राहायला हवे होते, शह देण्याच्या जागा धरून. नेपो त्याला ई६ वर आणतो, प्याद्यांच्या थेट समोर. खेळी समजण्यासारखी आहे. प्यादे पुढे येते आहे, त्याची वाट अडवावी, राजाजवळ एक पहारेकरी असावा. थकलेल्या माणसाला असेच वाटते. पण वजीर पुढे आला आणि मागून शह देणारे कुणी उरले नाही. पडद्यावरचे उत्तर त्या क्षणी बदलते.

कार्लसनचा राजा एच४ वर चढतो. वजीर एच६ वरून शह देतो, घोडा एच५ वर आडवा येतो. ई६. हत्ती एफ७. एफ५. आणि १३६ व्या खेळीला घोडा जी७ वर.

रात्री पावणेदोन : निकाल

नेपोम्नियाची डाव सोडतो. १३६ खेळ्या, बागियोचा विक्रम बारा खेळ्यांनी मोडला. २०१६ नंतर अजिंक्यपदाच्या लढतीतला हा पहिला निकाली संथ डाव. दुबईत बारा वाजून गेलेले. सातवा डाव त्याच तारखेला, तिथल्या दुपारी साडेचारला.

पुढचे सात दिवस

सातवा डाव बरोबरीत. आठव्यात नेपोने प्यादे बी५ वर ढकलून डाव घालवला. नवव्यात आपलेच प्यादे सी५ वर नेऊन स्वतःचा उंट बी७ वर कोंडून घेतला. शालेय स्पर्धेत पोराने असे केले तर प्रशिक्षक कपाळाला हात लावतील. अकराव्यात पुन्हा ढोबळ चूक. १० डिसेंबरला कार्लसन साडेसात विरुद्ध साडेतीन असा जिंकला. पहिले पाच डाव जगज्जेत्याच्या डोळ्यात डोळे घालून खेळलेला माणूस सहाव्यानंतर परत आलाच नाही.

२०२३ च्या विश्वचषकात, बाकूमध्ये, उपउपांत्यपूर्व फेरीच्या टायब्रेकमध्ये याच नेपोला घरी पाठवले ते विदित गुजराथीने. विदित नाशिकचा, चाकणवरून जाणारा महामार्ग जिथे पोहोचतो तिथला. टायब्रेक म्हणजे थोड्या मिनिटांचे डाव, वाढीव सेकंदांवर तोललेले. दुबईतल्या रात्री शेवटच्या पावणेदोन तासांत जे झाले, त्याचेच आटोपशीर रूप.

व्हाय-व्हाय

पिंपरी-चिंचवडच्या वाहन कारखान्यांत लाइनवर काही बिघडले की घटनाक्रमाखाली व्हाय-व्हाय मांडतात. का, आणि त्याचे का, असे पाच वेळा. पहिल्याच ओळीत ‘ऑपरेटरची चूक’ लिहून कागद पुढे सरकवला तर जाणता साहेब तो परत पाठवतो. हा डाव त्या कागदावर असा उतरतो.

काळा का हरला? वजीर ई६ वर आणला.

तिथे का आणला? पर्याय तपासायला तीस सेकंद होते, आणि आठ तास होत आले होते.

तीस सेकंदच का? आधीची मिनिटे पहिल्या ६० खेळ्यांत खर्च झाली, विशेषतः तिसाव्या खेळीच्या आसपास, जिथे वाढीव सेकंदांचा आधारच नव्हता.

इतका लांब बचाव का करावा लागला? ५३ व्या खेळीला ए-प्यादे गेले आणि पांढऱ्यावरचा धोका संपला. जिथे एकालाच चुकता येते, तिथे डाव कितीही लांबवता येतो.

आणि असा डाव उभाच का राहिला? २६ व्या खेळीला कार्लसनने वजीर देऊन सोपी बरोबरी पटावरून काढून टाकली. ती खेळी काही डाव जिंकणारी नव्हती. तिने फक्त समोरच्यावर कामाचा बोजा वाढवला.

म्हणून हरलेल्या डावाचा कागद शेवटच्या खेळीवर लाल गोल करून मिटू नये. खेळाडूला आपल्या नोंदपत्रकावर प्रत्येक खेळीशेजारी घड्याळातली उरलेली वेळ लिहिता येते. नियमात ते बसते आणि चांगले प्रशिक्षक ते करून घेतात. मिनिटांचा तो दुसरा रकाना वर वर वाचत गेले की साधारण कळते, डाव कुठल्या खेळीला हातून निसटू लागला. नेपोच्या कागदावर ती जागा १३० च्या बरीच वर सापडते.